घुमट आरतीवरून शिका डीजे सॉफ्टवेअरचा मिक्सर

गोव्यात फोंड्याकडच्या लग्नांत हा प्रकार नेहमी कानावर येतो. एक गाणं उतरत असतं, दुसरं चढत असतं आणि मधे काही सेकंद नुसता घूंऽऽ असा गोंधळ. लोक स्पीकरला दोष देतात, पण बहुतेक वेळा दोन्ही गाण्यांचे बास, म्हणजे खालचे जाड आवाज, एकमेकांवर चढलेले असतात. मिक्सर चालवणं म्हणजे मुख्यतः काय कमी करायचं ते ओळखणं, असं माझं ठाम मत आहे.

सरावाला व्हर्च्युअल डीजे हे सॉफ्टवेअर चालेल, घरगुती वापरासाठी ते फुकट आहे. चतुर्थीला घरी रेकॉर्ड केलेली घुमट आरती (घुमट या मातीच्या तालवाद्यावर म्हटलेली आरती) एका डेकवर, म्हणजे गाणं वाजवायच्या एका खणात, घ्या. हाय, मिड, लो (वरचे, मधले, खालचे आवाज) हे तिन्ही नॉब मधोमध ठेवा, फेडर, म्हणजे त्या डेकच्या आवाजाची सरकपट्टी, पूर्ण वर करा. आरती सर्वांत रंगात येते तो भाग लावून गेन, म्हणजे डेकवर येणाऱ्या आवाजाची मूळ पातळी, असा लावा, की आवाजाची पातळी दाखवणारं मीटर हिरव्यातच राहील, फार तर पिवळ्याला शिवेल. मास्टरचं, म्हणजे बाहेर जाणाऱ्या एकूण आवाजाचं, मीटर लाल झालं की ध्वनिलहरींची टोकं कापली जातात. मग अ‍ॅम्प्लिफायर कितीही कमी करा, आवाज फाटलेलाच येतो.

आता एकेक नॉब पूर्ण डावीकडे फिरवून ऐका. लो काढला की घुमटाचा घुमारा जातो, थाप तेवढी उरते. मिड काढला की गाणारे जणू मागच्या खोलीत गेले. हाय काढला की कांसाळ्यांची (झांजांची) चमक विझते. ही कसरत चार दिवस करा. कोणता नॉब कशाला हात लावतो, हे कानात बसल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मग दुसऱ्या डेकवर नाचाचं गाणं घ्या आणि दोन्हींचा वेग जुळवा. नव्या गाण्याचा लो पूर्ण बंद ठेवून फेडर हळूहळू वर आणा. ताल एकत्र चालतोय ना, हे हेडफोनवर तपासा. नवं कडवं सुरू होतं त्या पहिल्याच ठोक्यावर जुन्याचा लो बंद, नव्याचा लो मधोमध, दोन्ही हातांनी एकदम. या एका अदलाबदलीने गोंधळ जातो. दोन गायक एकमेकांवर ओरडत असतील, तर जुन्याचा मिडही थोडा उतरवा.

फिल्टर डावीकडे नेला की गाणं बंद दाराआडून आल्यासारखं वाटतं, उजवीकडे नेला की पातळ होतं. तो एखाद्या वेळीच वापरा. एका डेकवरून दुसऱ्यावर नेणारी आडवी पट्टी, क्रॉसफेडर, लग्नात मधोमध ठेवलेली बरी.

उघड्या मांडवात रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवावा लागतो. साडेनऊपासूनच मास्टरबरोबर लोही उतरवायला लागा. बास भिंतींतून आरपार जातो, शेजारच्या वाड्यावर झोपलेल्या बाळापर्यंत आधी तोच पोचतो.