छोट्या दुकानात असिस्टंट मॅनेजर झालात? मग या चुका टाळा

असिस्टंट मॅनेजर हे नाव ऐकायला भारी वाटतं. पण तालुक्याच्या गावातल्या सुपर शॉपीत त्याचा अर्थ एवढाच की शटरची चावी तुमच्या खिशात आणि गल्ल्यातून शंभर रुपये हमालीला काढायचे तर शेठला फोन. मी खानदेशातल्या अमळनेरला हे काम करतोय, आधी काउंटरवर बिलं मारायचो. पहिल्या वर्षात ज्या चुका केल्या त्यातल्या निम्म्याहून जास्त एकाच सवयीनं झाल्या, ती म्हणजे समोर येईल त्याला 'हो' म्हणायचं. सेल्समनला हो, गिऱ्हाइकाला हो, पोरांना हो, आणि शेठला तर काय, फोन उचलायच्या आधीच हो. मॅनेजर नाही म्हणू शकतो, काउंटरवरचा पोरगा 'साहेबांना विचारा' म्हणू शकतो, मधे अडकतो तो आपण.

स्कीमच्या नादात माल भरणं

महिन्याच्या 28-29 तारखेला सेल्समन फार गोड बोलतो. त्याचं टार्गेट बाकी असतं. दहा पेट्यांवर एक फ्री, आजच्या आज घ्या, एक्सपायरी झाली तर मी बसलोय ना भाऊ. मी असाच एकदा बिस्किटांचा माल भरला. दोन महिन्यांनी बघतो तर निम्मा तसाच, डेट जवळ आलेली, आणि फोन केला तर कळलं तो सेल्समन दुसऱ्या एरियात गेला, नवीन आलेला म्हणतो असं काही ठरलेलं मला माहीत नाही. तोंडी ठरलेलं तोंडातच राहतं. आता माझं साधं आहे, फ्री माल बिलावर वेगळ्या ओळीत दिसला पाहिजे नाहीतर रेटमधे कमी झाला पाहिजे, आणि डेट गेलेला माल परत घेणार असाल तर किती दिवस आधी सांगायचं हे ऑर्डर कॉपीवर लिहून सही. काही जण तोंड वाकडं करतात, पण लिहून देतात.

आणि मार्जिनचा हिशोब. 80 ला घेतलेली वस्तू 100 ला विकली तर 20 रुपये सुटले. खरेदीवर काढलं तर ते 25 टक्के, विक्रीवर काढलं तर 20. सेल्समन नेहमी 25 सांगणार, खोटं नाही बोलत तो, पण शेठ जेव्हा विचारतो मार्जिन किती तेव्हा त्याच्या डोक्यात विक्रीवरचं असतं. मी सहा महिने दोन्ही एकत्र करून रिपोर्ट देत होतो आणि शेठ म्हणायचा एवढं मार्जिन आहे तर पैसा जातो कुठं!

गाडी आली की न मोजता सही

मालाची गाडी बरोबर दुपारी एकला येणार, मे महिन्यात. आपल्याकडचं ऊन माहीत आहे, पारा 44-45 च्या घरात, ड्रायव्हर म्हणतो लवकर करा भाऊ पुढं पारोळ्याला जायचंय, आपण पण घामानं वैतागलेले, मारली सही. मग संध्याकाळी कळतं एक पेटी कमी, तेलाच्या बॉक्समधे दोन पाऊच फुटलेले, आणि चॉकलेटचं तर विचारूच नका, त्याला पांढरी बुरशीसारखी छटा येते, ती खरं तर उष्णतेनं आतली चरबी वर आल्यामुळं असते, बुरशी नाही, पण गिऱ्हाइकाला कोण समजावणार. उन्हाळ्यात चॉकलेट सकाळच्या गाडीनंच घ्यायचं, नाहीतर घ्यायचंच नाही.

सही करायच्या आधी पेट्या मोजा, फुटका माल गाडीसोबतच्या डिलिव्हरी चलनावरच लिहा, आणि प्रत्येक आयटमची एक पेटी उघडून डेट आणि एमआरपी बघा. डेट बघायचं कारण असं की 'आधी आला तो आधी विका' एवढं पुरत नाही. कधी कधी नंतर आलेल्या मालाचीच डेट आधी संपणारी असते, मागच्या गोडाऊनमधून जुना काढून पाठवतात. म्हणून रॅकवर लावताना तारीख बघून, आधी संपणारा पुढं.

एमआरपीचं दुखणं 22 सप्टेंबर 2025 नंतर तर फारच वाढलं होतं. त्या दिवसापासून साबण, शॅम्पू, टूथपेस्ट, केसाचं तेल, बिस्किटं यांचा जीएसटी 18 वरून 5 वर आला. झालं काय की एकाच शॅम्पूच्या दोन बाटल्या, बारकोड सेम, एमआरपी वेगळी, आणि सॉफ्टवेअर आपलं जी आधी टाकलेली तीच उचलतंय. एका ताईंनी बिल घेऊन बाहेर जाऊन परत येऊन सगळ्या दुकानासमोर विचारलं, भाऊ बाटलीवर वेगळं आणि बिलात वेगळं कसं? बिलात जास्त होतं. छापलेल्या एमआरपीपेक्षा एक रुपया जास्त घेणं पण गुन्हा आहे, आणि 'कॉम्प्युटरनं घेतलं' हे उत्तर कुणी ऐकत नाही. असं होत असेल तर सॉफ्टवेअरच्या आयटम मास्टरमधे, म्हणजे मालाच्या यादीत, बॅचवाईज एमआरपी चालू करा, म्हणजे स्कॅन केल्यावर कोणती एमआरपी ते विचारतं. सॉफ्टवेअर जुनं असेल तर जुना माल वेगळ्या रॅकवर काढून आधी संपवा.

गल्ला शॉर्ट आला की लगेच पोरांवर संशय

ही माझी सगळ्यात वाईट चूक. एकदा 450 रुपये कमी आले, मी काउंटरवरच्या पोराला सगळ्यांसमोर खिसे दाखवायला लावले. दुसऱ्या दिवशी सापडलं, एका मावशींचं 450 चं बिल फोन पे नं झालेलं आणि त्यानं घाईत कॅशमधे मारलेलं. पोरगा काही बोलला नाही, महिन्याभरानं काम सोडून गेला. चांगला होता.

आता गल्ला जुळला नाही तर मी या क्रमानं जातो. आधी कॅश, यूपीआय, कार्ड, उधारी आणि खर्चाच्या चिठ्ठ्या यांची बेरीज दिवसाच्या विक्रीशी लावायची. एकूण जुळतंय पण कॅश कमी आणि यूपीआय जास्त असेल तर मोड चुकलाय, पैसे गेलेले नाहीत. एकूणच जुळत नसेल तर फरकाचा आकडा बघा. 9 नं भाग जातो का? जात असेल तर बहुतेक वेळा आकडे उलटे लिहिलेत, 540 चे 450. फरक सम संख्या असेल तर त्याच्या निम्म्या रकमेचं काही आहे का बघा, खर्चाची चिठ्ठी जमेत धरली की फरक दुप्पट दिसतो. मग होल्डवर ठेवलेली बिलं, परत घेतलेला माल, हमाली, चहा. नव्या नोटा चिकटून दोन जातात तेही बघा. एवढं सगळं करून राहिलं तरच माणसाकडं बोट, आणि ते पण आत, एकट्याला बोलावून.

उचल हा वेगळा प्रकार. पोरं म्हणतात दादा पाचशे द्या ना पगारात कापा, आणि आपण गल्ल्यातून देतो, चिठ्ठी नाही. ते पाचशे पगाराच्या दिवशी ना त्याला आठवतात ना आपल्याला, गल्ल्याला मात्र रोज आठवतात.

यूपीआयचं एवढंच सांगतो, गिऱ्हाइकानं स्क्रीन दाखवली म्हणजे पैसे आले असं नाही. खोट्या स्क्रीनशॉटची ॲप फिरतायत. पेमेंटचा स्पीकर बोलला किंवा आपल्या मोबाईलवर दिसलं की पिशवी सोडायची. बाजाराच्या दिवशी नेटवर्क झोपतं आणि रांग लागते तेव्हाच ही फसवणूक होते. आणि सकाळी शटर उघडल्यावर आपल्याच क्यूआरवर एक रुपया टाकून नाव बघायचं, वरून दुसरं स्टिकर चिकटवून जाणारे पण असतात.

उधारीचं 'सकाय'

आबा काउंटरवर येतात, खेड्यावरचे, शेठच्या ओळखीचे. "भाऊ, पैसा सकाय देसु." आता सकाय म्हणजे उद्या, पण ते उद्या म्हणजे कापूस निघाल्यावर, दसरा-दिवाळीनंतर. यात त्यांची चूक नाही, पैसा येतोच तेव्हा. चूक आपली असते, आपल्याला उधारी द्यायचा अधिकार नसताना आपण तोंडाला लाजून देतो. मी असे चार-पाच हजार अडकवून बसलो होतो आणि शेठनं विचारलं कोणाला विचारून दिली, तेव्हा खाली बघायची वेळ आली. शेठकडून एकदाच यादी घ्या, कोणाला किती रुपयांपर्यंत. यादीत नाव नसेल तर आबांना चहा पाजा, आणि त्यांच्यासमोरच शेठला फोन लावून द्या. नाही म्हणायचं काम त्याचं आहे, त्याच्याच तोंडून होऊ द्या. आणि यादीतल्या माणसाची प्रत्येक एन्ट्री त्याच दिवशी, सहीसकट. 'नंतर लिहू' वाली उधारी वसूल झालेली मी तरी पाहिली नाही.

काटा

सुटा माल विकत असाल तर हे वाचाच. इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी तपासणी आणि शिक्का लागतो. शेठ विसरतो, आणि वजनमापाचे साहेब तपासणीला आले की दुकानात आपण असतो. सर्टिफिकेट काट्याजवळच लावून ठेवा, संपायच्या महिनाभर आधी मोबाईलवर रिमाइंडर. दुसरं म्हणजे डबा किंवा पिशवी ठेवून टेअर, म्हणजे काटा शून्यावर आणायचं बटण, दाबायला पोरं विसरतात, डब्याचं वजन डाळीच्या भावात जातं, आणि आपल्या गावात हे कळायला वेळ लागत नाही, एका गल्लीत कळलं की सगळ्या गावात. तिसरं तेलाचं. गिऱ्हाईक म्हणतं पाऊचमधे तेल कमी भरलंय. एक लिटर तेलाचं वजन साधारण 910 ग्रॅम भरतं, किलो नाही. शिवाय आता लिटरपेक्षा कमी मापाचे पाऊच पण दिसायला सेमच येतात. वाद घालू नका, पाऊच हातात देऊन मागचं नेट वजन आणि प्रति ग्रॅम भाव दाखवा.

चोरीबद्दल थोडक्यात. संशय आला तरी गिऱ्हाइकाची झडती घ्यायची नाही, कोंडून ठेवायचं नाही, गुन्हा आपल्यावरच दाखल होऊ शकतो. 'ताई हे बिल करायचं राहिलं का' एवढं विचारलं की बहुतेक वेळा वस्तू काउंटरवर येते. नाही आली तर पोलीस. बस.

कॅलेंडर पुण्या-मुंबईचं वापरणं

वरून स्कीम येतात त्या गणपती-दिवाळी धरून. आपल्याकडं आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी येतात, सांजोऱ्या, पुरणपोळी, आंब्याचा रस, तेव्हा रवा, गूळ, साखर, हरभरा डाळ कमी पडली तर गिऱ्हाईक शेजारच्या किराणावाल्याकडं जातं आणि तिथंच राहतं. मार्च-एप्रिलमधे पापड-कुरडया-बिबड्यांचा सीझन, तेव्हा पापडखार संपला हे वाक्य दुकानात बोलायचं नाही. एवढीशी पुडी, पण ती नसली की बाई उडदाची डाळ पण तिथून घेत नाही. मग अमळनेरला वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा, बोरी नदीच्या पात्रात, तेव्हा पाणी बाटल्या आणि लहान पाकिटं लागतात, पाच-पाच किलोच्या पिशव्या नाही.

आणि कानबाई, आपल्या खानदेशातला देवीचा सण. नागपंचमीनंतरचा रविवार. माझ्या पहिल्या वर्षी शेठचा फोन आला, रविवारी पूर्ण स्टाफ पाहिजे, मी सवयीनं हो म्हटलं. सातातले पाच जण आलेच नाहीत, येतील कसे, घरात कानबाईच्या नैवेद्याचे रोट होते. बाहेरगावी कामाला असलेली माणसं कानबाईला घरी येतात तिथं गावातलं पोरगं काउंटरवर बसेल का? वर नारळ शनिवारी दुपारीच संपलेले, कारण ऑर्डर नेहमीच्या आठवड्याची दिली होती. आता पंचमीच्या दहा दिवस आधी नारळ, हरभरा डाळ आणि गहू जास्तीचे मागवतो, शुक्रवार-शनिवार सगळ्यांना फुल डे आणि रविवारी दुपारनंतर शटर अर्धं. हे शेठला पटवायला दोन वर्षं लागली. पहिल्यांदा नाही म्हटलं तेव्हा तो फोनवर थोडा वेळ गप्प होता, मग म्हणाला, "बरं, नारळ किती सांगितलेत?"