पहिल्या वर्षाला तरंगांच्या आकृत्या वाचताना

मराठी माध्यमातून बारावी करून पुण्यात बीएस्सीला आलेल्या मुलामुलींना तरंगांचं प्रकरण इंग्रजीमुळे जड जातं असं वाटतं. बहुतेकदा कारण वेगळंच असतं: आडव्या अक्षावर काय आहे हे न बघताच आकृती वाचायला घेतलेली असते.

आडव्या अक्षावर अंतर असेल, तर ते अख्ख्या दोरीचं एका क्षणाचं चित्र. लगतच्या दोन उंचवट्यांमधलं अंतर म्हणजे तरंगलांबी. तिथे काळ असेल, तर ती एकाच कणाची हालचाल, आणि तेच अंतर आता आवर्तकाल, म्हणजे एका आवर्तनाला लागणारा वेळ. दोन्ही आकृत्या दिसायला हुबेहूब सारख्या. पुस्तकात ‘ॲट अ गिव्हन इन्स्टंट’ असेल तर पहिली, ‘ॲट अ गिव्हन पॉइंट’ असेल तर दुसरी. या शब्दांखाली पेन्सिलने रेघ मारा आणि मगच गणिताला हात लावा.

ॲम्प्लिट्यूड, म्हणजे तरंगाची कमाल उंची, मधल्या रेषेपासून मोजतात. सीआरओवर (विद्युत तरंग पडद्यावर दाखवणारं उपकरण) तरंग खालपासून वरपर्यंत 6 घरं उंच आहे आणि एका घराला 1 व्होल्ट, तर पीक-टू-पीक 6, ॲम्प्लिट्यूड 3 व्होल्ट. मल्टिमीटर मात्र 2.1 च्या आसपास दाखवेल, कारण तो आरएमएस (ॲम्प्लिट्यूड भागिले दोनचं वर्गमूळ) देतो. मीटर बिघडलेला नाही. खडकवासल्याच्या सीडब्ल्यूपीआरएस या जलसंशोधन संस्थेत बंदरांच्या प्रतिकृतींवर लाटांचा अभ्यास चालतो. त्या विषयात ‘वेव्ह हाइट’ म्हणजे खोलगट भागापासून उंचवट्यापर्यंतची पूर्ण उंची. त्यामुळे कुठलाही आकडा घेताना तो कुठून कुठपर्यंत मोजलाय, हे आधी बघायचं.

मेल्डेच्या प्रयोगात या सगळ्याचा कस लागतो. त्यात दोऱ्याचं एक टोक कंप पावणाऱ्या ट्यूनिंग फोर्कला बांधतात, दुसऱ्याला पारडं टांगतात, आणि दोऱ्यावर जागच्या जागी उभ्या राहणाऱ्या स्थिर तरंगांवरून फोर्कची वारंवारता काढतात. दहा मीटर दोरा 5 ग्रॅम भरला, तर मीटरला 0.5 ग्रॅम. पारडं 10 ग्रॅम, त्यात 40 ग्रॅमची वजनं, ताण 0.49 न्यूटन, तरंगाचा वेग (ताण भागिले मीटरमागचं वस्तुमान, त्याचं वर्गमूळ) साधारण 31.3 मीटर प्रतिसेकंद. फोर्क 50 हर्ट्झचा आणि मांडणी ट्रान्सव्हर्स (फोर्क दोऱ्याला काटकोनात हलतो) असेल, तर एक लूप, म्हणजे दोऱ्याचा एक फुगीर भाग, 31.3 सेंटिमीटरचा येतो. निस्पंद बिंदू (लूपांमधल्या, न हलणाऱ्या जागा) धूसर दिसले तर वजनं बदलत बसू नका. दोऱ्याची लांबी थोडी थोडी कमी-जास्त करा, लूप एकदम ठसठशीत उभे राहतात. मोजताना दोन्ही टोकांचे लूप सोडा. फोर्ककडचं टोक स्वतःच हलत असतं, तिथे खरा निस्पंद बिंदू नसतो.

फोर्कच्या वारंवारतेचं उत्तर 50 ऐवजी 45 च्या जवळ आलं, तर पारड्याचं वजन धरायचं राहिलंय. 100 आलं, तर लूपची लांबीच तरंगलांबी म्हणून घातलीय. लूप म्हणजे अर्धी तरंगलांबी. 25 आलं, तर मांडणी लॉन्जिट्युडिनल (फोर्क दोऱ्याच्याच दिशेने हलतो) आहे. तिथे दोरा फोर्कच्या निम्म्या वारंवारतेने हलतो, म्हणून शेवटी दुप्पट करावी लागते. जर्नलमध्ये आकडा ‘सुधारून’ लिहिण्यापेक्षा या तीन जागा तपासा, चूक तिथेच सापडते.

व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, हमखास विचारतात तो फेज: कण आवर्तनाच्या कुठल्या टप्प्यावर आहे ते. पुढे जाणाऱ्या तरंगात फेज कणागणिक बदलत जातो. स्थिर तरंगात एका लूपमधले सगळे कण एकाच फेजमध्ये असतात, शेजारच्या लूपमधले बरोबर उलट. बदलतो तो ॲम्प्लिट्यूड. ‘इन फेज’ वाचलं की एकाच वेळी एकाच दिशेने मधली रेषा ओलांडणारे कण डोळ्यांपुढे आणा. ‘लॅग्ज बाय पाय बाय टू’ म्हणजे पाव आवर्तकालाने मागे: 20 मिलिसेकंदांच्या आवर्तकालात 5 मिलिसेकंद. हे हाताने काढून बघितल्याशिवाय पक्कं होत नाही. ग्राफ पेपरवर दोन्ही वक्र एकाखाली एक काढा.

फेज नीट कळला की नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीणही समजायला लागते. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना, आणि मोजमाप चालतं ते वेगवेगळ्या अँटेनांवर पोचणाऱ्या रेडिओ तरंगांच्या फेजमधल्या फरकावर. 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथे लोकांसाठी प्रदर्शन भरतं. जायच्या आधी स्थिर तरंगांची चार-पाच गणितं सोडवून जा. तिथल्या शास्त्रज्ञांना नेमके प्रश्न विचारता येतील.