कटाचा आरोप कानावर आला, तर तो कसा तपासावा
एखाद्या सरकारी खात्याने माणसांचा जाणूनबुजून बळी दिला, असा आरोप ऐकला की ‘इतके वाईट कोण वागेल?’ असे मनात येते आणि विचार तिथेच थांबतो. म्हणून पहिली खबरदारी अशी की, आपल्या अविश्वासाला पुरावा मानू नये. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने १९३२ मध्ये अलाबामातील टस्कीगी येथे सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर अभ्यास सुरू केला. त्यांपैकी ३९९ जणांना सिफिलिस हा लैंगिक संबंधांतून पसरणारा रोग होता. त्यांना ‘दूषित रक्ता’वर उपचार चालू असल्याचे सांगण्यात आले आणि पेनिसिलिनसारखे खात्रीचे औषध उपलब्ध झाल्यावरही ते त्यांच्यापासून दूर ठेवले गेले. हे ४० वर्षे चालले. ते चालवणारी माणसे सुशिक्षित, पगारदार डॉक्टर होती, आणि मला यातले सर्वांत भयंकर हेच वाटते.

पुढे नेमका तपशील मागावा: कोणी, कोठे, कोणत्या कागदाच्या आधारे. ‘इतके लोक गुपित कसे राखतील?’ हा युक्तिवाद जपून वापरावा, कारण टस्कीगीचे निष्कर्ष वैद्यकीय नियतकालिकांत उघडपणे छापले जात होते. पीटर बक्स्टन या आरोग्य सेवेतील कर्मचाऱ्याने १९६६ मध्ये केलेली तक्रार वरिष्ठांनी मनावर घेतली नाही. १९७२ मध्ये त्याच्याकडील माहिती वृत्तपत्रांत आल्यावरच अभ्यास बंद झाला.

हीच कसोटी आरोप करणाऱ्यांनाही लावावी. त्या पुरुषांना मुद्दाम लागण केली गेली, असे आजही सांगितले जाते. परंतु त्यांना हा रोग आधीच झालेला होता, त्यामुळे तेवढा भाग आरोपातून वेगळा काढावा.