जुनी फोर बाय फोर जीप घरी दुरुस्त करताय? या चुका टाळा

महिंद्राची सीजे किंवा एमएम ५४० हौसेने घेतात आणि पहिल्याच आठवड्यात अख्खी गाडी उघडून बसतात. टप (चेसिसवरची पत्र्याची बॉडी) उतरवला, इंजिन बाहेर काढलं, एक्सल सुटे केले. नटबोल्ट एकाच डब्यात. पुढे कामात खंड पडतो, पावसाळा येतो आणि चांगली जीप शेवटी भंगाराच्या भावाने जाते. असं होताना पाहून खरंच वाईट वाटतं, कारण या गाड्या दुरुस्तीसाठी अतिशय सोप्या आहेत.

गाडी चालत असेल तर आधी थोडे दिवस चालवा. आवाज कुठल्या गिअरमध्ये येतो, थरथर किती वेगाला सुरू होते, सकाळी खाली तेलाचा डाग नेमका कशाखाली पडतो, हे वहीत लिहा. मग एका वेळी एकच काम उघडा आणि ते पूर्ण करूनच पुढच्याला हात घाला.

त्याआधी आरसी आणि इंजिन नंबर ताडून पाहा. बऱ्याच जीपमध्ये मूळ इंजिन जाऊन दुसरं आलेलं असतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार असा बदल आरटीओकडे नोंदवावा लागतो. तो नोंदवलेला नसेल तर १५ वर्षांनंतर नोंदणीच्या नूतनीकरणाला गाडी अडकते.

हँडब्रेक धरत नाही म्हणून फक्त लायनर बदलणे

ही चूक सर्रास होते. या जुन्या जीपमध्ये हँडब्रेकचा ड्रम चाकात नसून ट्रान्सफर केसच्या (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या एक्सलला वाटणारी पेटी) मागच्या तोंडाशी असतो. लायनर नवे घातले, चार दिवस ब्रेक धरला, पुन्हा सैल. ड्रम काढून आत बोट फिरवा. बोटाला तेल लागलं तर लायनरचा दोष नाही, मागचं ऑइल सील गेलेलं आहे.

पण नुसतं सील बदलूनही भागत नाही. सील ज्या योकवर (शाफ्ट जोडायचा लोखंडी तुकडा) बसतं त्याच्या गुळगुळीत भागावर नख आडवं ओढा. नख अडकलं तर तिथे चर पडली आहे आणि नवं सीलही लवकरच गळेल. योक बदला किंवा त्यावर स्लीव्ह बसवून घ्या. ब्रीदर म्हणजे पेटीतली हवा बाहेर सोडणारं छिद्रही तपासा. तो मातीने बुजला असेल तर गाडी तापल्यावर आतली हवा सीलमधूनच वाट काढते आणि तेल सोबत घेऊन येते.

तेल गळण्याचं अजून एक कारण नेहमी निसटतं. या जीपमधली स्पायसर १८ ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला चिकटून असते आणि मधली सीलिंग झिजली की एकातलं तेल दुसऱ्यात जातं. मग गिअरबॉक्सचं तेल सारखं कमी होतं आणि ट्रान्सफर केस गळ्यापर्यंत भरते. म्हणून दोन्हींची पातळी एकाच वेळी, गाडी सपाटीवर ठेवून बघायची. गिअर ऑइलच्या डब्यावर जीएल-४ किंवा जीएल-५ असा दर्जा लिहिलेला असतो. गिअरबॉक्समध्ये जीएल-५ तेल ओतू नका, काही जीएल-५ तेलांतली रसायनं सिंक्रोच्या (गिअर अलगद पडायला मदत करणाऱ्या) पितळी रिंगांना त्रास देतात. तिथे जीएल-४ घाला, जीएल-५ डिफरन्शियलसाठी (एक्सलमधला, दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच) ठेवा.

या हँडब्रेकचा एक धोका जिवावर बेतू शकतो. ब्रेक प्रोपेलर शाफ्टला (ट्रान्सफर केसमधून एक्सलकडे जाणारा फिरता शाफ्ट) धरतो, चाकाला नाही. मागचं एक चाक जॅकवर उचललं की डिफरन्शियलमुळे ते चाक मोकळं फिरतं आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी उतरणीला सरकू शकते. म्हणून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा, आणि नुसत्या जॅकवर किंवा विटांच्या थरावर ठेवलेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. मजबूत स्टँड हवेतच.

स्टिअरिंग थडथडतं म्हणून डँपर लावणे

ठरावीक वेगाला खड्डा लागला की पुढची चाकं जोरात हलू लागतात, हातातलं स्टिअरिंग सुटेल असं वाटतं. डँपर (स्टिअरिंगचा शॉकअॅब्सॉर्बर) लावला की त्रास दबतो, पण झीज आत चालूच राहते. पुढचा एक्सल स्टँडवर घ्या. टायर वर आणि खाली धरून आत-बाहेर हलवा. प्ले (सैलपणा) जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. प्ले नाहीसा झाला तर तो व्हील बेअरिंगचा, तसाच राहिला तर किंगपिनचा (ज्यावर पुढचं चाक वळतं ती खिळ). किंगपिनचा प्ले शिम (पातळ चकत्या) कमी करून काढता येतो, बेअरिंगच खडबडीत झाली असतील तर बदलावीच लागतात. त्यानंतर टायरॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्यांच्या टोकांचे सांधे) पाहा. आणि उंची वाढवायला कोणी पुढे लांब शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला जोडणारे दुवे) घातले असतील तर तेही संशयित आहेत, त्यांनी कॅस्टर, म्हणजे किंगपिनचा मागे कललेला कोन, कमी होतो.

प्रोपेलर शाफ्ट खूण न करता काढणे

क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा सांधा) बदलायला शाफ्ट सोडताना स्प्लाइनच्या (एकमेकांत सरकणाऱ्या दातेरी जोडाच्या) दोन्ही भागांवर पंचने खूण करा. दोन टोकांचे योक एका रेषेत यायला हवेत. एक दात जरी चुकला तरी गाडी थरथरते, आणि मग लोक नवा क्रॉस खराब निघाला म्हणून दुकानदाराशी भांडतात.

गंजावर काळं कोटिंग मारणे

कोकणातल्या किंवा किनाऱ्यालगतच्या गाडीत टपाचा तळ आणि टप जिथे चेसिसवर बसतो त्या जागा आधी टोकदार हातोडीने ठोकून पाहा. बद्द आवाज आला की पत्रा आतून गेलेला आहे. त्यावर डांबरी कोटिंग म्हणजे ओल आत कोंडणं. सडका पत्रा कापा, नवा जोडा, मग प्रायमर. वेल्डिंगआधी बॅटरीच्या दोन्ही वायरी सोडा आणि डिझेलची टाकी दूर ठेवा. रिकामी टाकीसुद्धा वाफेने भरलेली असते, तिला घरी वेल्डिंग करू नका.

पाट्यांचं (लीफ स्प्रिंगचं) काम झाल्यावर शॅकलचे बोल्ट शेवटचे आवळताना गाडी चाकांवर उभी हवी. अधांतरी आवळले तर बुश पिळलेलेच राहतात आणि लवकर फाटतात. ब्रेकमध्ये फक्त डॉट ३ किंवा डॉट ४ तेल. इंजिन ऑइलचा एक थेंबही चालत नाही, रबर फुगतं.

सगळं जुळल्यावर फोर व्हीलची चाचणी डांबरी रस्त्यावर घेऊ नका. या गाडीला पुढच्या आणि मागच्या एक्सलच्या मध्ये डिफरन्शियल नाही. वळताना पुढच्या-मागच्या चाकांचा वेग वेगळा असतो, तो ताण गिअरवर साठतो आणि फोर व्हील लावायचा दांडा अडकतो. मातीच्या किंवा वाळूच्या रस्त्यावर घ्या, चारही टायर एकाच मापाचे आणि सारख्याच झिजेचे असू द्या. तरीही दांडा अडकला तर जोर लावू नका. सरळ रेषेत थोडी रिव्हर्स घ्या, ताण उतरला की तो आपोआप सुटतो.