पार्टनर राहायला आला, आता युनिव्हर्सल क्रेडिटला काय आणि कसं कळवायचं

हे युकेतल्या युनिव्हर्सल क्रेडिटबद्दल आहे, म्हणजे कमी उत्पन्न असलेल्यांना सरकारकडून मिळणाऱ्या भत्त्याबद्दल. लॉगिन कसं करायचं वगैरे सांगत बसत नाही, ते तुम्हाला येतं.

आधी तो "तीन रात्रींचा नियम" डोक्यातून काढा. पार्टनर आठवड्यात तीन रात्रींपेक्षा जास्त राहिला नाही तर कळवलं नाही तरी चालतं, असं मला तिघांनी छातीठोकपणे सांगितलं होतं. असा नियमच नाहीये. बघतात ते हे की तुमचा संसार एक आहे का, म्हणजे पैसे कसे चालतात, नातं किती टिकाऊ आहे, शारीरिक संबंध आहेत का, मुलांचं कोण बघतं, चारचौघांत जोडपं म्हणून वावरता का. एकाच मुद्द्यावर निकाल लागत नाही, सगळं मिळून बघतात. लग्न झालंय की नाही याने फरक पडत नाही. आणि फ्लॅटमेट निम्मं भाडं देतो म्हणून तो काही पार्टनर होत नाही.

आता खरी अडचण, तारीख. "राहायला नक्की कधी आला?" माझं इथेच फसलं. आधी तो शनिवार-रविवार यायचा, मग टूथब्रश राहिला, मग लॅपटॉपचा चार्जर, मग त्याची बँकेची पत्रं माझ्याकडे यायला लागली आणि शेवटी कधीतरी त्याने स्वतःची खोली सोडली. मी खोली सोडल्याची तारीख टाकली, कारण ती सोयीची होती. पण त्याच्या गाडीच्या इन्शुरन्सवर त्या तारखेच्या दोन महिने आधीपासून माझा पत्ता होता! त्या दोन महिन्यांचे जास्त मिळालेले पैसे पुढच्या हप्त्यांतून कापून गेले, आणि चूक माझीच असल्याने भांडायलाही तोंड नव्हतं. त्यात मी जर्नलमध्ये (ऑनलाइन अकाउंटमधली निरोपांची वही) "पार्टनर" न लिहिता "फ्रेंड" लिहिलेलं, का तर घरी आईला अजून सांगितलं नव्हतं. आईला काय सांगायचं ते नंतर बघा, क्लेममध्ये खरं लिहा.

तर तारीख आठवणीवर ठरवू नका. इन्शुरन्स, बँक, जुन्या खोलीचं भाडं कधी थांबलं, सगळे कागद समोर घेऊन बसा, आणि रोजचं आयुष्य खऱ्या अर्थाने एकत्र कधी सुरू झालं ते बघा. दोन-चार दिवस पुढे ढकलून फायदा होईल असं वाटत असेल तर हेही ऐका, असेसमेंट पिरियडच्या (ज्या एका महिन्याचा हिशोब एकत्र करतात तो) शेवटच्या दिवशी जरी बदल झाला तरी तो त्या पिरियडच्या पहिल्या दिवसापासून धरतात. जर्नलमध्ये साधी वाक्यं लिहा: अमुक तारखेपासून इथे राहतो, भाडं मी भरते, वाणसामान निम्मं-निम्मं. निबंध नको.

कळवणं सोपं आहे, अकाउंटमध्ये बदल नोंदवा, पार्टनरने स्वतःचं अकाउंट उघडायचं आणि कोड टाकून दोन्ही जोडायची.

पैशाचं गणित बदलतं. 2025-26 मध्ये 25 च्या पुढच्या एकट्या माणसाचा स्टँडर्ड अलाउन्स, म्हणजे मूळ भत्ता, महिना 400.14 पाऊंड होता, जोडप्याचा 628.10, म्हणजे दोन एकट्यांपेक्षा 172 पाऊंड कमी. पगार आणि बचत दोघांची मिळून धरतात. बचतीची मर्यादा मात्र एकट्याला 16,000 आणि जोडप्यालाही 16,000च, त्यामुळे दोघांकडे 9-9 हजार असतील तर क्लेम बंद.

पार्टनरच्या व्हिसावर "नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स" (सरकारी भत्ते घेता येणार नाहीत अशी अट) असेल तरी कळवावंच लागतं. भत्ता एकट्याच्या दराने मिळतो पण पार्टनरची कमाई आणि बचत धरतातच, हे बऱ्याच जणांना पैसे कापल्यावर कळतं.

पिपला (आजारपण किंवा अपंगत्वाचा भत्ता) पार्टनरच्या कमाईशी देणंघेणं नाही, न्यू स्टाइल जेएसएलाही (नोकरी शोधणाऱ्यांचा भत्ता) नाही. चाइल्ड बेनिफिट, म्हणजे मुलांसाठीचा भत्ता, चालू राहतं, पण दोघांपैकी एकाचं वर्षाचं उत्पन्न 60,000 च्या वर असेल तर टॅक्स चार्ज लागतो, पार्टनर मुलाचा बाप नसला तरी. एकटे राहता म्हणून कौन्सिल टॅक्समध्ये (घरावरचा स्थानिक कर) 25 टक्के सूट घेत असाल तर कौन्सिलला वेगळं कळवा.

आणि उलटं झालं, म्हणजे नुसत्या फ्लॅटमेटला पार्टनर ठरवलं, तर निर्णयाच्या तारखेपासून एका महिन्यात मँडेटरी रिकन्सिडरेशन, म्हणजे निर्णयाचा फेरविचार, मागा, तिथेही नाही झालं तर ट्रिब्युनलकडे अपील. वेगळे बँक खाते, वेगळं वाणसामान, भाड्याची पावती, जे असेल ते जोडा, आणि फोनवर बोलणं झालं तरी तेच त्याच दिवशी जर्नलमध्ये टाइप करून ठेवा.