उबुंटू सर्व्हरवर एसएसएच सुरू करताना
महापे किंवा ऐरोलीच्या डेटा सेंटरमधील सर्व्हर ठाण्यातील घरी बसून हाताळायचा असेल, तर त्यावर एसएसएच (सिक्युअर शेल, म्हणजे दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे प्रवेश करून आदेश देण्याची पद्धत) सेवा चालू असावी लागते. १९९५ मध्ये फिनलंडमध्ये जन्मलेली ही पद्धत संपूर्ण संवाद कूटबद्ध करते आणि सहसा २२ क्रमांकाच्या पोर्टवर चालते.

प्रथम ॲप्ट हे उबुंटूचे पॅकेज बसवण्याचे साधन वापरून ओपनएसएसएच सर्व्हर हे पॅकेज बसवावे आणि सेवा हाताळणाऱ्या सिस्टिमसीटीएल आदेशाने सेवा चालू व कायमस्वरूपी सक्षम करावी. इथपर्यंतचे काम पाच मिनिटांचे आहे.

खरी काळजी फायरवॉलची घ्यावी. यूएफडब्ल्यू, म्हणजे उबुंटूची फायरवॉल, कार्यान्वित करण्याआधीच एसएसएचला परवानगी द्यावी, कारण हा क्रम चुकला तर पुढची जोडणी नाकारली जाते आणि केवळ एका ओळीसाठी ऐरोलीचा पूल ओलांडून प्रत्यक्ष यंत्रापाशी जावे लागते. (मी एकदा, तेही भर पावसात, गेलो आहे.)

त्यानंतर स्वतःच्या संगणकावर ईडी२५५१९ प्रकारची डिजिटल किल्ल्यांची (एक खासगी, एक सार्वजनिक) जोडी तयार करून तिच्यातील फक्त सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर पाठवावी. किल्लीने प्रवेश होतो याची खात्री पटल्यावरच पासवर्डने होणारा प्रवेश बंद करावा. हा बदल लागू होण्यासाठी सेवा पुन्हा सुरू करताना जुने सत्र उघडेच ठेवावे आणि दुसऱ्या खिडकीतून नवा प्रवेश तपासावा.