गावच्या शौर्यफलकावर नाव कोरण्याआधी

१७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंडावंदनाला गावच्या शौर्यपदक मिळालेल्या जवानांच्या फलकाचं उद्घाटन करायचं असेल तर कागदपत्रांचं काम उन्हाळ्यातच हाती घ्या. दगड कोरून लवकर होतो. वेळ खातं ते नेमकं कोणतं पदक होतं हे ठरवणं.

सांगोवांगीवर जाऊ नका, घरच्यांना पदकं काढून दाखवायला सांगा. ट्रंकेतून बहुधा तीन-चार पदकांची माळ निघते आणि घरात सगळ्यांनाच ‘शौर्यपदक’ म्हणतात. १९६५ चं रक्षा मेडल, १९७१ चं संग्राम मेडल, पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार ही सेवापदकं आहेत. त्या काळात ठरलेली सेवा बजावलेल्या असंख्य जवानांना ती मिळाली. त्यांचा मान आहेच, पण तो ‘गावचे माजी सैनिक’ अशा वेगळ्या यादीत. हे घरच्यांना आधीच, चारचौघांत नव्हे तर घरी बसून सांगा.

खऱ्या शौर्यपदकाची ओळख त्याच्या फितीवरून पटते. परमवीरचक्राची फीत साधी जांभळी. महावीरचक्राची अर्धी पांढरी, अर्धी केशरी. वीरचक्राची अर्धी गडद निळी, अर्धी केशरी. अशोकचक्र, कीर्तिचक्र आणि शौर्यचक्र यांची फीत हिरवी, तिच्यावर केशरी उभ्या रेघा अनुक्रमे एक, दोन, तीन. फीत गळून गेली असेल तर धातू बघा: परमवीर आणि शौर्य कांस्याचं, महावीर, वीर आणि कीर्ती चांदीचं, अशोकचक्राला सोन्याचा मुलामा. सेवापदकाच्या कडेवर बारीक अक्षरांत क्रमांक, हुद्दा, नाव असतं. ते भिंगातून वाचून टिपून घ्या. भांडी घासायची पावडर मात्र लावू देऊ नका, तीच अक्षरं आधी झिजतात.

सगळ्यात जास्त गोंधळ ‘अशोकचक्र वर्ग ३’चा. १९५२ पासून १९६७ पर्यंत या पदकाचे तीन वर्ग होते. वर्ग २ म्हणजे आजचं कीर्तिचक्र, वर्ग ३ म्हणजे शौर्यचक्र. जुना कागद बघून नुसतं ‘अशोकचक्र’ कोरलं की चूक कायमची झाली. क्रमही पाठ करा: परमवीर, अशोक, महावीर, कीर्ती, वीर, शौर्य. वीरचक्र कीर्तिचक्राच्या वर चढवलेलं हमखास दिसतं.

तारखेला अडखळू नका. शीख रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीचे (२ शीख) हवालदार बचित्तर सिंग हैदराबाद कारवाईत नळदुर्गच्या लढाईत १३ सप्टेंबर १९४८ रोजी धारातीर्थी पडले. मांडीला गोळी लागल्यावरही त्यांनी हातबॉम्ब टाकून मशीनगनचं ठाणं बंद पाडलं. त्यांचं अशोकचक्र ज्या पदकांतलं, ती स्थापन झाली जानेवारी १९५२ मध्ये, पण लागू १५ ऑगस्ट १९४७ पासून. म्हणून फलकावर शौर्याची तारीख आणि ठिकाण कोरा, जाहीर झाल्याचा दिवस नको. हुद्दाही त्या दिवसाचाच, निवृत्तीचा नव्हे.

मग पडताळणी. पदकासोबतची सनद, सैन्य क्रमांक आणि डिस्चार्ज बुक यांच्या झेरॉक्स घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा आणि संरक्षण मंत्रालयाच्या शौर्य पुरस्कारांच्या संकेतस्थळावर नाव शोधा. तिथलं इंग्रजी नाव मराठीत उतरवताना काळेंचे काले आणि लोंढेंचे लोंधे होतात, तेव्हा मराठी शुद्धलेखन शाळा सोडल्याच्या दाखल्यावरून घ्या.

फ्लेक्स एका उन्हाळ्यात पांढरा पडतो, म्हणून काळा ग्रॅनाइट आणि कोरलेली अक्षरंच बरी. दहा फुटांवरून वाचायचं असेल तर अक्षर किमान एक इंच उंच हवं. वर तीन सिंहांची राजमुद्रा लावायचा मोह आवरा. २००५ च्या कायद्यानं तिचा परवानगीशिवाय वापर करता येत नाही. शेवटी मजकूर खऱ्या मापात कागदावर छापून भिंतीला चिकटवा आणि घरच्यांची व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांची (पूर्वीचे ग्रामसेवक) सही घ्या. त्याआधी कारागिराला छिन्नी उचलू देऊ नका. ग्रॅनाइटमध्ये चुकलेलं अक्षर बुजवलं तरी उन्हात डाग उठून दिसतो.